चित्र काढता येत नाही, पण स्टोरीबोर्ड करायचाय. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

धोपावेकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आम्ही चार मित्र बारा मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय. फेरीबोटीवर दोर टाकायचं काम करणारे एक तात्या, त्यांचा निवृत्तीचा दिवस आणि शेवटची खेप, एवढीच गोष्ट. दाभोळ-धोपावे फेरी आणि गुहागरचा किनारा, दोनच लोकेशनं. १४ सीन, तीन दिवस. कॅमेरा भाड्याचा, त्यामुळे चौथा दिवस नाही. शूट डिसेंबरात, दुसऱ्या शनिवारला धरून शुक्र-शनि-रवि. रेकी, म्हणजे जागांची पाहणी, मे महिन्यातच उरकली आहे.

आमचा कॅमेरामन म्हणतो, शॉट डिव्हिजन (कुठला सीन कुठल्या शॉटमध्ये घ्यायचा ते) वहीत लिही, झालं. पण मी वहीत "लाँग, तात्या रेलिंगला टेकून" असं लिहिलं की त्याला एक रेलिंग दिसतं आणि मला दुसरंच. परवा त्या रेलिंगवरून तासभर भांडलो. म्हणून म्हटलं स्टोरीबोर्ड करू, म्हणजे प्रत्येक शॉटचं चित्र आधीच चौकटीत काढून ठेवू. पण मी माणूस काढायला घेतला की त्याची काकडी होते.

लॅपटॉप जुना, ८ जीबीचा. फुकट असेल तर सोन्याहून पिवळं. नेट आमच्याकडे पाहुण्यासारखं येतं, तेव्हा ऑफलाइन चालणारं हवं. टिपणं मराठीत लिहिता यायला हवीत. आणि खरं सांगा, एवढ्याशा फिल्मला याची गरज आहे का?

पाठकोरा
गरज स्टोरीबोर्डची आहे, सॉफ्टवेअरची नाही. पाठकोरे कागद घ्या, एका कागदावर आठ चौकोन आखा आणि काकड्या काढा. काकडी डावीकडे आहे की उजवीकडे, जवळ आहे की लांब, एवढं कळलं की काम झालं.

'पथेर पांचाली' (१९५५) करताना सत्यजित राय यांच्याकडे रीतसर पटकथा नव्हती, चित्रांची वही होती. ती वही पुढे पॅरिसच्या सिनेमाटेक फ्रान्सेजकडे गेली. त्यात कुठलं ॲप नव्हतं.

कट_टू
@पाठकोरा, राय व्यावसायिक चित्रकार होते हो. जाहिरात कंपनीत नोकरी करत होते. त्यांची काकडी आणि धोपावेकरांची काकडी एका टोपलीत घालू नका :)

देवगडचो बाबलो
काकडी नको, तवसा म्हणा. कोकण आसा.

कातळफूल
मूळ प्रश्नाचं उत्तर: वंडर युनिटचं 'स्टोरीबोर्डर'. फुकट, मुक्तस्रोत, ऑफलाइन. सुरुवातीला चौकटीचं प्रमाण विचारतं: १६:९ की सिनेमास्कोप की मोबाईलसाठी उभं. ते आधी ठरवा, मागाहून बदललंत तर सगळ्या चौकटी नव्याने बघाव्या लागतील. पटकथा फाउंटन पद्धतीने (साध्या मजकुरात पटकथा लिहायची एक रीत) लिहिली असेल तर ती आत घेऊन सीनप्रमाणे पानं पाडून देतं.

तुमच्यासाठी कामाचा भाग म्हणजे त्यातला शॉट जनरेटर. बाहुल्या ठेवायच्या, त्यांना उभं-बसतं करायचं, कॅमेरा हलवायचा, लेन्स किती मिमीची ते सांगायचं. फ्रेम तयार. माझ्या ८ जीबीच्या डब्यावर चालतं, जरा धापा टाकतं इतकंच.

दुसरा पर्याय क्रिता. मुळात चित्रकलेचं सॉफ्टवेअर, तेही फुकट, ५.० पासून त्यात स्टोरीबोर्डची खिडकी आली आहे. पण तिथे चित्र तुम्हालाच काढायचंय. ब्लेंडर सगळ्यात ताकदवान, ग्रीस पेन्सिलने त्रिमितीतच रेघोट्या मारता येतात. मात्र शिकेपर्यंत तुमच्या तात्यांना निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली असतील.

तिसरा_असिस्टंट
मालिकेच्या सेटवरून लिहितोय, जनरेटर व्हॅनच्या सावलीत. आमच्याकडे कुणी स्टोरीबोर्ड म्हटलं तर विचारतील, कुणाचा बोर्ड आहे, दहावीचा का बारावीचा?

सीन रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर येतो आणि सकाळी नऊला मेकअप लागतो. तीन कॅमेरे लावायचे: एक मास्टर, दोन क्लोज. दार उघडलं की सगळ्यांचे रिॲक्शन. चॅनेलला एपिसोडची बँक (आधीच करून ठेवलेले भाग) हवी असते, कुणाला कॅमेऱ्याची उंची विचारायला सवड नसते. अपवाद एकच बघितला: मालिकेतलं लग्न समुद्रावर होतं आणि वर ड्रोन होता, तेव्हा डिरेक्टरांनी चहाच्या कपांनी आणि काड्यापेट्यांनी टेबलावर बोर्ड मांडला. फोटो काढला, सगळ्यांना पाठवला. कप क्रमांक तीन म्हणजे नवरीची आई.

सुरंगी
मी हेच काम करते, म्हणून थोडं सविस्तर. सावंतवाडीजवळ घर आहे. पडवीत टेबल टाकलंय आणि मुंबईच्या जाहिरातींच्या फ्रेम्स पेन-टॅब्लेटवर काढते. पैसे फ्रेमच्या हिशोबाने मिळतात.

धंद्यात माझ्याकडे टून बूमचं 'स्टोरीबोर्ड प्रो' आहे. कॅनडातली कंपनी, वर्गणी भरावी लागते, आणि ती शॉर्टफिल्मवाल्याला परवडावी अशी नाही. पण त्यात चौकट, वेळ, कॅमेऱ्याची हालचाल आणि आवाज एकाच पट्टीवर बसतात. एडिटरला थेट प्रीमियरमध्ये (एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडणारी फाइल देता येते. ॲनिमेशनवाले तेच वापरतात, कारण त्यांचा बोर्ड म्हणजे जवळजवळ अर्धा सिनेमा. तुम्हाला याची गरज नाही.

आता गंमत सांगते. गेल्या वर्षी एका जाहिरातीसाठी मला "संदर्भ" म्हणून आधीच एआयने काढलेला बोर्ड पाठवला. जून महिना, स्थळ मालवणचा किनारा. पहिली फ्रेम: समुद्रातून केशरी सूर्य वर येतोय, त्याच्यापुढून ट्रॉलर मासे भरून परत येतायत आणि किनाऱ्यावर कोळीण केरळी पद्धतीचा मुंडू नेसून उभी आहे.

एका फ्रेममध्ये तीन चुका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, ट्रॉलर किनाऱ्याला शाकारून ठेवलेले. नेसणं तर तुम्हाला कळलंच असेल. आणि तिसरी...

देवगडचो बाबलो
अरे मेल्यानू, आमच्या दर्यात सूर्य बुडता, उगवणा नाय! उगवतो बघूचो आसलो तर विशाखापट्टणाक जावा.

सुरंगी
अगदी. मी तसं कळवलं तर उत्तर आलं, "क्लायंटला आवडलाय, तुम्ही फक्त क्लीन करून द्या." मी सूर्य ढगाआड नेला आणि बिल लावलं.

निवांत_दुपार
पण एआयला एवढं का झोडपताय? मी गेल्या महिन्यात आमच्या संस्थेच्या माहितीपटासाठी चाळीस फ्रेम एका संध्याकाळी काढल्या. चित्रकाराला द्यायला पैसे कुठले आणायचे?

सुरंगी
झोडपत नाही. पण तुमच्या चाळीस फ्रेमांत आजी एकच होती का? माझ्या अनुभवात दर फ्रेमला आजी बदलते. दुसरं म्हणजे चित्र इतकं गुळगुळीत येतं की सगळे आजीच्या सुरकुत्यांबद्दल बोलतात. कॅमेरा कुठे आहे हे कुणी विचारत नाही. काकडी काढली की लोक नेमकं तेच विचारतात. आणि हो, माझ्या पोटाचाही प्रश्न आहे, तो लपवत नाही.

निवांत_दुपार
आज्या बदलल्या होत्या. तीन निघाल्या. एकीला चष्मा होता.

आजगावची
अवांतर होईल, पण राहवत नाही. स्टोरीबोर्ड आपल्याकडे कधीपासून आहे! कुडाळजवळ पिंगुळीला जा. ठाकर समाजाची चित्रकथी बघा. एका आख्यानाची चित्रं क्रमाने लावलेली, त्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र उभं धरतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने तेवढा भाग गातो, मग पुढचं चित्र. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. डिस्नेवाल्यांनी १९३०च्या दशकात चित्रं फळ्याला टाचली म्हणून आपण नाव त्यांचं घेतो.

तिसरा_असिस्टंट
कोकणातला कुठलाही धागा पंचवीस प्रतिसादांच्या आत चित्रकथी, दशावतार किंवा हापूसवर येतो असा नियम आहे. यंदा लवकर आलो.

रापणकार
@आजगावची, कलेबद्दल आदर ठेवून असहमत. चित्रकथी हा खेळच आहे, प्रेक्षकासमोर होतो. स्टोरीबोर्ड प्रेक्षकाने कधीच बघायचा नसतो. तो लाइटवाल्याला, कॅमेरावाल्याला, ट्रॉली ढकलणाऱ्याला दाखवायचा असतो. तो काम झाल्यावर रद्दी. चित्रकथीची पोथी पिढ्यान्पिढ्या जपतात.

शोधायचंच असेल तर उलटं उदाहरण दशावताराचं आहे. लिखित संहिता नाही. रंगायला बसले की आख्यान ठरतं, कोण काय करणार ते बोलून घेतात आणि रात्रभर उभ्या उभ्या संवाद सुचतात. बोर्डाशिवाय चालतं, कारण सगळ्यांच्या डोक्यात एकच आख्यान आहे. धोपावेकर आणि त्यांच्या कॅमेरामनच्या डोक्यात एकच रेलिंग नाही, ही त्यांची अडचण.

माझा स्वतःचा अनुभव बोर्डाच्या विरुद्धच आहे. मालवणला चिवल्याच्या वेळेवर (किनाऱ्यावर) रापण शूट करायला गेलो होतो. ३२ फ्रेमांचा बोर्ड, छापून, लॅमिनेट करून. रापण म्हणजे होडीने जाळं लांब समुद्रात फिरवून आणायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. माझ्या फ्रेम ११ मध्ये दोन्ही रांगा समोरासमोर दिसत होत्या. प्रत्यक्षात त्या ओढता ओढता एकमेकींकडे सरकत येतात. फ्रेम ११ ला पोचेपर्यंत दोन्ही रांगा एक झाल्या होत्या आणि मी मधे उभा राहून "थांबा थांबा" ओरडत होतो. एक आजोबा म्हणाले, "मासो थांबता काय?" लॅमिनेशनचा कागद पुढे कोलंबी ठेवायला उपयोगी पडला.

पाठकोरा
वा! हेच म्हणतो मी.

कट_टू
तुम्ही हे म्हणत नव्हता, पाठकोरेकाका. तुम्ही कागद वापरा म्हणत होता. रापणकारांनी कागदच वापरला होता.

आता माझा मुद्दा. मी एडिटर, मूळची रत्नागिरीची. मला बोर्डापेक्षा ॲनिमॅटिकमध्ये रस आहे. म्हणजे त्याच काकड्या वेळेनुसार एकामागून एक लावायच्या आणि खाली आवाज टाकायचा. संवाद मोबाईलवर घरच्यांकडून म्हणून घ्यायचे. माझ्या एका दिग्दर्शक मैत्रिणीची फिल्म कागदावर "दहा मिनिटांची" होती. तिच्या आईने सगळे संवाद म्हटले, भांडी घासण्याच्या आवाजासकट. ॲनिमॅटिक भरलं सतरा मिनिटं. शूटच्या आधी दोन सीन उडाले, त्यातला एक रात्रीचा होता. म्हणजे लाइटचं भाडं वाचलं, आख्ख्या एका रात्रीचं.

स्टोरीबोर्डरमध्ये प्रत्येक चौकटीला सेकंद देता येतात, हे होऊ शकतं. एक खबरदारी: कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेमवर चालणार की २५ वर, ते आधी ठरवा आणि बोर्डातही तेच लावा. २४ ने केलेली दहा मिनिटं २५ ने पळवलीत तर नऊ मिनिटं छत्तीस सेकंदांत संपतात. चोवीस सेकंद गेले, आणि गाणं असेल तर सूरही वर चढतो.

मराठी टिपणांचं: एका ॲपने पीडीएफ काढताना माझ्या सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या पुढे नेऊन ठेवल्या आणि जोडाक्षरं फोडली. "दृश्य" चा "द ृ श ् य" झाला. तेव्हा आधी एकच पान काढून बघा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत लिहिणार असाल तर सेटिंगमध्ये जाऊन भारतीय लिप्यांचं टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं, नाहीतर तीच तऱ्हा.

धोपावेकर
सगळ्यांचे आभार. स्टोरीबोर्डर उतरवून घेतलं. रात्री दोनला डाउनलोड पूर्ण झालं.

सहा सीन झाले. बाहुलीला रेलिंगला टेकवली आणि कॅमेरामनला दाखवली. तो म्हणाला, "अरे, हे रेलिंग म्हणतोयस होय!" भांडण मिटलं. (त्याच्या डोक्यात वरच्या डेकचं होतं.)

शेवटचा शॉट बाहुल्यांनीच केलाय: सूर्य मावळतोय, ओहोटीची ओली वाळू आरशासारखी, तात्या फ्रेमपासून लांब चालत जातायत आणि मागे पायांचे ठसे. ५० मिमी लेन्स. मे महिन्यात उभं राहून फोटो काढला होता, त्यावर बेतलाय. जमेल ना?

खलाशाचा नातू
तारखा पुन्हा बघू. डिसेंबरचा दुसरा शनिवार, म्हणजे कृष्ण नवमी. शुक्रवार अष्टमी, रविवार दशमी. पंचांग समोर आहे.

आमचे आजोबा सांगायचे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळेल. अष्टमी, आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. डिसेंबरात गुहागरला सूर्य सहाच्या आसपास मावळतो. तुमच्या तिन्ही दिवशी सूर्य बुडताना पाणी सुरूच्या झाडांकडे आलेलं असणार. ओली वाळू आरशासारखी, पायांचे ठसे वगैरे काही नाही. तात्यांना गुडघाभर पाण्यातून चालवा.

ओली वाळू मावळतीला हवी तर पौर्णिमा-अमावास्येला या. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, त्यापुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे साडेपाच. प्रतिपदेला सव्वासहा. आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप आत जातं, किनारा दुप्पट दिसतो. अष्टमीला भांग असतो, भरती चढतेही कमी आणि उतरतेही कमी.

हे ठोकताळे आहेत. जागेप्रमाणे मागेपुढे होतं, खाडीत आत गेलं की उशिरा. पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. पण तक्ता उघडायची आठवण व्हायला पाऊणपट पुरते.

देवगडचो बाबलो
सॉफ्टवेअरात तिथी घालूची सोय आसा काय? नसल्यास कालनिर्णय लावा भितीर.

कातळफूल
नातू, मानलं. त्यात माझी भर: सूर्यही मेमधल्या जागी नसणार.

आपल्या अक्षांशावर डिसेंबरअखेरीस सूर्य नेमक्या पश्चिमेच्या साधारण २५ अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. मे ते डिसेंबर या प्रवासात पंचेचाळीस अंश धरा. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ५० मिमी लेन्सची आडवी नजर ४० अंश. म्हणजे मे महिन्यातली फ्रेम तशीच लावलीत तर सूर्य नुसता सरकणार नाही, फ्रेमच्या बाहेर असेल. त्याच्यामागोमाग कॅमेरा वळवलात की मागे काय येतं ते बघून घ्या. सड्याचं (कातळी पठाराचं) टोक येतंय की हॉटेलचं पत्र्याचं शेड?

सूर्याची दिशा दाखवणारी मोबाईल ॲप आहेत, फोटोपिल्ससारखी. तारीख टाकून किनाऱ्यावर उभे राहा, पडद्यावर सूर्याची वाट दिसते. शॉट जनरेटरमध्ये त्या कोनातून प्रकाश लावून घ्या.

मी स्वतः हे कातळशिल्पांच्या वेळी शिकलो. सड्यावर सपाट जांभ्यात कोरलेली भलीमोठी चित्रं, माणसाच्या उंचीवरून नुसत्या रेघा दिसतात. आमच्या दिग्दर्शकाला तिथे चालत्या माणसाच्या नजरेतून शॉट हवा होता. ब्लेंडरमध्ये जमीन टाकून कॅमेरा सव्वापाच फुटांवर लावला आणि दाखवला: हत्ती आहे की ओरखडा, काही कळेना. घरी बसल्या बसल्या ड्रोनच्या परवानगीचा अर्ज लिहायला घेतला. सड्यावर जाऊन हे समजलं असतं तर जायचं-यायचं पेट्रोल, शिवाय डोक्याला ऊन.

पाठकोरा
हे मात्र कागदावर झालं नसतं. नोंद घेतली.

तिसरा_असिस्टंट
काकांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा रे कुणीतरी.

रापणकार
भरतीवरून आठवलं. एकांनी (नाव नको) आमच्या गावच्या पुळणीवर ट्रॉलीचे रूळ टाकले होते. बोर्डात लाट लांब होती. लंच ब्रेक घेतला. परत आले तेव्हा स्पॉटदादा रुळांवर बसून राखण करत होता, पाणी त्याच्या मांडीपर्यंत. "उठलो असतो तर गेले असते साहेब."

सुरंगी
धोपावेकर, आणखी एक, फेरीचं. बोर्डात फेरी कुठल्या दिशेने जाते ते दर फ्रेमला बाणाने दाखवा. दाभोळहून धोपाव्याला जाताना मावळती उजव्या हाताला, परतताना डाव्या. खेप संपली आणि शॉट राहिला म्हणून तुम्ही परतीच्या खेपेत तोच संवाद घेतलात तर तात्यांच्या चेहऱ्यावरचं ऊन गाल बदलेल आणि मागचा काठ उलटा पळेल. शेवटची खेप करून तात्या मधेच घरी परत निघाले असं वाटेल.

उपाय: काठ दिसणारे सगळे शॉट एकाच दिशेच्या खेपांमध्ये. परतीच्या खेपेला हात, दोर, साखळी, पायातल्या चपला. बोर्डावर दोन रंगांचे बाण करा, निळा जाताना, लाल येताना. असिस्टंटला फक्त रंग बघून शॉट जमवता येतात.

धोपावेकर
शूट एक आठवडा पुढे ढकललंय. अमावास्येचा शुक्र-शनि-रवि. कॅमेरावाला कुरकुरला, पण तयार झाला. प्रत्येक चौकटीखाली आता तीन गोष्टी लिहिल्यात: सूर्य कुठे, पाणी कुठे, फेरी कुठल्या बाजूला. शॉट क्रमांक चौथा.

तोपर्यंत रजा घेतो.

निवांत_दुपार
(महिनाभराने) धागा वर काढतोय. धोपावेकर, झालं का?

धोपावेकर
झालं. उशीर झाला, माफ करा, आंब्याच्या फवारणीत अडकलो होतो.

एकूण ९६ चौकटी काढल्या होत्या. त्यातल्या जशाच्या तशा घेतल्या असतील तर चाळीसेक. पहिल्याच सकाळी फेरीवर लग्नाचं वऱ्हाड चढलं, दोन बस आणि एक बँड. बोर्डात डेक रिकामा. असिस्टंटने लाल बाणवाले सगळे शॉट पुढे घेतले, हात, दोर, साखळी, आणि वऱ्हाड उतरेपर्यंत सात शॉट मारले. सुरंगीताई, तुमचे बाण.

ॲनिमॅटिक सोळा मिनिटं भरलं होतं. तात्यांचा मुलाशी फोनवरचा सीन काढला. वाईट वाटलं, पण आता आठवतही नाही.

शेवटचा शॉट शनिवारी घेतला. पाच चाळीसला पाणी इतकं आत गेलं होतं की कॅमेरामन म्हणाला, समुद्र कुठे गेला? ठसे उमटले, सूर्य वाळूत दोनदा दिसला. सड्याचं टोक मात्र फ्रेममध्ये आलंच, बोर्डात ते डाव्या कडेला ढेकळासारखं काढून ठेवलं होतं म्हणून कुणी दचकलं नाही. आता बघताना वाटतं ते टोकच चांगलं दिसतंय.

आणि तात्यांची भूमिका केली त्या काकांना (ते खरंच फेरीवर होते) मी बोर्ड दाखवला तेव्हा त्यांनी फ्रेम १९ वर बोट ठेवलं. "हा दोर असा कोण धरतो? बोट खाईल ना तो." बाहुलीच्या मुठीला दोराचा वेढा बसला होता. फ्रेम १९ त्यांनीच बसवली.

खलाशाचा नातू
वा! फ्रेम १९ साठी बघणार.

पाठकोरा
अभिनंदन. मीही उतरवून घेतलंय ते सॉफ्टवेअर. बाहुलीला खुर्चीत बसवता येत नाहीये, पाय खुर्चीतून आरपार जातात. कुणी सांगेल का? हसू नये.

कातळफूल
काका, बसलेल्या स्थितीचे तयार नमुने दिलेत त्यात, आधी तो निवडा, मग खुर्ची बाहुलीखाली सरकवा. व्यनि (खाजगी निरोप) करतो.

धोपावेकर
एक शेवटची मदत. ठशांचा क्लोज राहिलाय, नुसते पाय. कॅमेरा पुन्हा मिळतोय तो कृष्ण नवमीला, दिवसभरच, अंधार पडायच्या आत परत द्यायचाय. ओली वाळू किती वाजता?

खलाशाचा नातू
पाऊणपट तुम्हीच करा आता.

धोपावेकर
नवाची पाऊणपट पावणेसात. भरती. म्हणजे ओहोटी दुपारी एकला.

देवगडचो बाबलो
दुपारी एक वाजता वाळयेत चालवलास तर तात्याचे पाय भाजतले. बोर्डात चपला काढा.

कट_टू
चपलांचे ठसे कंटिन्यूइटीत बसणार नाहीत!!